दर्याला कुंपण नसतं म्हणे!

एक वाक्य गेल्या काही वर्षांत मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे, की आता ते कानावर पडलं की माझं डोकं उठतं. वाक्य साधं आहे : "समुद्राला काय कुंपण असतं का?"

पहिल्यांदा ते लक्षात राहिलं एका कार्यशाळेत. किनारपट्टीवरच्या एका गावात 'मत्स्यदुष्काळ' या विषयावर दिवसभराचा कार्यक्रम होता. बॅनर, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ सगळं यथासांग पार पडलं. प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतली एक कोळीण उभी राहिली. तिने विचारलं, "साहेब, चपट्या डोक्याची शेवंड माझ्या सासूच्या काळात टोपल्या भरभरून यायची. ती आता कुठं गेली?" व्यासपीठावरचे साहेब हसले. म्हणाले, "अहो ताई, समुद्र एकच आहे. आज इथे नाही, उद्या येईल. दर्याला कुठे कुंपण असतं?" सभागृहात हशा पिकला आणि चहाची सुट्टी झाली. बाईंना उत्तर मिळालं नाही. त्यांचं नाव विचारायला हवं होतं, ते मीही विचारलं नाही.

नंतर तेच वाक्य मासळी निर्यात करणाऱ्या एका गृहस्थांकडून ऐकलं. मग घरातल्या एका लग्नात, पापलेटच्या तुकडीवर लिंबू पिळता पिळता, एका नातेवाइकाकडून : "इथला संपला तर गुजरातचा येतोच की!" आणि त्याच काळात त्याच्या बरोबर उलटं वाक्यही ऐकत होतो. "परप्रांतीय बोटी येऊन आमचा मासा पळवतात." म्हणजे पहिल्या मंडळींच्या मते समुद्राला कुंपणच नाही आणि दुसऱ्यांच्या मते ते नेमकं राज्याच्या हद्दीवर आहे.

दोन्ही म्हणणी चूक आहेत, आणि दोन्ही एकाच कारणाने चूक आहेत. पाणी कुठून कुठे वाहतं, हा प्रश्न दोघांपैकी कुणीच विचारलेला नाही.

माझं शिक्षण जीवशास्त्रातलं. काही वर्षं सागरी प्राण्यांच्या डीएनएवर काम केलं, आता शिकवतो. त्यामुळे हा राग थोडा धंद्यातला आहे, हे आधीच कबूल करतो. पण ज्या थापेवर लोकांची पोटं अवलंबून आहेत, ती नुसती शास्त्रीय चूक म्हणून सोडून देता येत नाही.

जन्मल्यावर पहिले काही आठवडे

आपण मासा म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर बाजारातला मासा असतो. पण समुद्रातले बहुतेक मासे, शेवंडी, खेकडे, शिंपले आयुष्याचा पहिला टप्पा वेगळ्याच रूपात काढतात. अंड्यातून बाहेर पडतो तो एक बारीक, बहुधा काचेसारखा पारदर्शक जीव, म्हणजे लार्व्हा. आईबापाशी त्याचं रूप जुळत नाही. तो पाण्यात तरंगत राहतो, काही दिवस, काही आठवडे. शेवंडीच्या बाबतीत तर कित्येक महिने. मग रूप पालटून तळाला किंवा किनाऱ्याला लागतो. जिवंत राहिला तर. लाखांतले बहुतेक राहत नाहीत.

हा तरंगण्याचा काळ म्हणजे त्या प्राण्याचा प्रवासाचा काळ. मोठेपणी खडकाच्या एकाच कपारीत आयुष्य काढणारा जीवही लहानपणी शेकडो किलोमीटर जाऊ शकतो. सेकंदाला दहा सेंटिमीटर इतका प्रवाह धरा. माणूस चालतो त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही हा संथ आहे. तरी दिवसाला साडेआठ किलोमीटर होतात, महिन्याला अडीचशेच्या वर. झाईपासून रेडीपर्यंतचा महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटरचा. म्हणजे नुसतं तरंगत राहिलं तरी एका महिन्यात त्याचा तिसरा हिस्सा पार होतो.

हा हिशेब करूनच विसाव्या शतकातल्या बहुतेक शास्त्रज्ञांनी समुद्र 'खुला' मानला. लार्व्हा सगळीकडे जाणार, सगळीकडचे सगळीकडे मिसळणार, कुठे मासा कमी झाला तर दुसरीकडून भरपाई होणार. साहेबांचं वाक्य आकाशातून पडलेलं नाही. ते एके काळी पाठ्यपुस्तकांतलं होतं. माझी तक्रार इतकीच की पाठ्यपुस्तक बदलून पंचवीस वर्षं झाली.

१९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफमधल्या लिझर्ड बेटाजवळ शास्त्रज्ञांनी डॅमसेल जातीच्या एका छोट्या माशाची एक कोटीहून अधिक अंडी टेट्रासायक्लिन वापरून खुणावली. माशाच्या कानात एक बारीकसा खडा असतो, त्यावर ही खूण राहते. नंतर बेटावर लागलेली पाच हजार पिल्लं त्यांनी तपासली. खूण असलेली १५ सापडली. पंधरा ऐकायला किरकोळ वाटतं. पण बेटाभोवतीच्या एकूण अंड्यांपैकी फार थोडी खुणावलेली होती, हे धरून हिशेब केल्यावर निघालं की बेटावरच्या पिल्लांपैकी १५ ते ६० टक्के त्याच बेटावर जन्मलेली असावीत. वाहून गेली असं समजलेली मुलं घरीच होती, किंवा फिरून घरी आली होती.

२००७ साली पापुआ न्यू गिनीतल्या किंबे उपसागरात तेच दिसलं. तिथे माद्यांना बेरियमचं एक समस्थानिक टोचलं होतं, ते पिल्लांच्या कानातल्या खड्यात उतरतं. क्लाऊनफिशचा लार्व्हा अकरा दिवस तरंगतो आणि तिथल्या एका बटरफ्लायफिशचा अडतीस. मगाचा हिशेब लावला तर अकरा दिवसांत पंचाण्णव किलोमीटर आणि अडतीस दिवसांत सव्वातीनशे. प्रत्यक्षात काय झालं? एका चिमुकल्या बेटाभोवती लागलेल्या दोन्ही जातींच्या पिल्लांपैकी सुमारे ६० टक्के त्याच बेटाची होती.

कारण लार्व्हा म्हणजे पाण्यात टाकलेलं बूच नव्हे. तो वर येतो, खाली जातो. वरच्या थरातलं पाणी एकीकडे वाहत असेल तर खालच्या थरातलं दुसरीकडे, आणि कोणत्या वेळी कोणत्या थरात राहायचं हे तो जीव करोडो वर्षांत 'शिकलेला' आहे. कोळंबीची आणि खेकड्यांची पिल्लं तर भरतीबरोबर वर येतात आणि ओहोटीला तळाशी बसून राहतात, आणि अशी फुकटच्या गाडीने खाडीत शिरतात. डोल लावणाऱ्या कोळ्याला हे मी सांगायला नको. त्याचं जाळंच प्रवाहाच्या तोंडाला बांधलेलं असतं. भरती-ओहोटी, उधाण आणि भांग यांच्या हिशेबावर त्याचं घर चालतं. पाणी कुठून येतं आणि त्याबरोबर काय येतं, हे त्याला कळतं. अडचण आहे ती पाणी फक्त पेल्यातून पिणाऱ्यांची.

पाण्याच्या भिंती

आता डीएनएकडे येऊ. दोन ठिकाणचे प्राणी पिढ्यान्‌पिढ्या आपसात मिसळत राहिले तर त्यांच्या जनुकांतला फरक पुसला जातो. मिसळणं थांबलं तर फरक साचत जातो. म्हणून प्राण्यांच्या जनुकांत पाण्याच्या वाटांचा जुना नकाशा उमटलेला असतो. आणि त्या नकाशात कुंपणं आहेत, चांगली ठळक.

भूमध्य समुद्र आणि अटलांटिक यांची सीमा कुठे, असं विचारलं तर कुणीही जिब्राल्टरच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीवर बोट ठेवेल. सी-बास हा मासा मात्र तसं मानत नाही. त्याच्या आणि इतर कित्येक जातींच्या जनुकांत जी रेष दिसते, ती जिब्राल्टरपासून बरीच पूर्वेला, स्पेनमधलं अल्मेरिया आणि अल्जीरियातलं ओरान यांच्या दरम्यान आहे. तिथे जमीन नाही, खडकही नाही. अटलांटिकचं कमी खारट पाणी आणि भूमध्य समुद्राचं जास्त खारट पाणी तिथे समोरासमोर येतं आणि त्या सांध्यावर जोरदार प्रवाह वाहतो. भिंत पाण्याची आहे, नकाशावर दिसत नाही. पण त्या जातींच्या कित्येक पिढ्या तिच्या अलीकडे आणि पलीकडे वेगवेगळ्या वाढल्या आहेत.

इंडोनेशियात याहून मजेशीर प्रकार आहे. पॅसिफिकमधून हिंदी महासागरात येणारा जगातला एक बलाढ्य प्रवाह तिथल्या बेटांमधून जातो. तिथे मँटिस श्रिंपची एक छोटी जात राहते, तिचा लार्व्हा काही आठवडे तरंगतो. इतकं पाणी वाहतंय म्हटल्यावर सगळी बेटं एकजीव झालेली असणार, असंच कुणालाही वाटेल. २००० साली पॉल बार्बर, स्टीफन पालुंबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या प्रवाळांवरून या जीवाचा डीएनए तपासला, तेव्हा उत्तरेचे आणि दक्षिणेचे गट एकमेकांपासून चक्क तुटलेले निघाले. हिमयुगात समुद्राची पातळी शंभर मीटरहून जास्त खाली गेली होती आणि तिथली समुद्रखोरी एकमेकांपासून अलग पडली होती. पाणी परत वर येऊन हजारो वर्षं झाली, प्रवाह जोरात वाहतोय, तरी ते दोन गट अजून मिसळलेले नाहीत. म्हणजे प्रवाह आहे म्हणून देवाणघेवाण आहे, इतकंही सरळ नाही. रस्ता असला म्हणजे एसटी सुरू असतेच असं नाही, हे कोकणातल्या माणसाला वेगळं समजवायला नको.

तेव्हा 'समुद्र एकच आहे' हे वाक्य भूगोलाच्या पेपरात लिहायला ठीक आहे. जीवशास्त्राच्या पेपरात त्याला मी शून्य देईन.

वरचं अंग, खालचं अंग

नदीकाठच्या गावांना 'वरचं अंग' आणि 'खालचं अंग' यांतला फरक पिढीजात ठाऊक असतो. वरच्याने पाणी अडवलं की खालच्याचं शेत सुकतं. समुद्रातही असंच आहे, आणि इथे मामला जनुकांचा आहे.

युरोपातला हिरवा खेकडा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जहाजांबरोबर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पोचला आणि तिथे माजला. विसाव्या शतकाच्या शेवटी त्याच जातीचे, पण उत्तर युरोपातल्या वाणाचे खेकडे कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाला येऊन पोचले. त्या किनाऱ्यावर प्रवाह साधारण उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो. पुढे झालं ते असं की वरच्या अंगाला आलेल्या नव्या खेकड्यांची जनुकं प्रवाहाबरोबर खाली पसरत गेली आणि आधीपासून ठाण मांडून बसलेल्यांची जनुकं मागे हटत गेली. संख्येने कोण जास्त होते, याने फरक पडला नाही. पाण्याच्या कोणत्या अंगाला कोण आहे, याने पडला.

अशा किनाऱ्यावर सगळ्या जागा सारख्या नसतात. वरच्या अंगाचा एक छोटा तुकडा खालच्या अंगाच्या शंभर किलोमीटरला पिल्लं पुरवत असू शकतो. तो तुकडा खरवडून काढलात तर नुकसान तिथे दिसत नाही. ते काही वर्षांनी, भलतीकडे, भलत्याच लोकांच्या जाळ्यात दिसतं. तोवर ज्याने खरवडलं त्याची बोट दुसरीकडे गेलेली असते आणि चौकशी समितीचा कार्यकाळही संपलेला असतो.

आपल्या किनाऱ्यावर यात आणखी एक पेच आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह वर्षातून दोनदा दिशा बदलतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात, जून ते सप्टेंबर, तो दक्षिणेकडे वाहतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तो उत्तरेकडे वाहतो. म्हणजे आपल्याकडे वरचं अंग आणि खालचं अंग वर्षातून दोनदा अदलाबदल करतात. रत्नागिरीसमोर पावसाळ्यात जन्मलेल्या लार्व्ह्याचा कल गोवा-कारवारकडे आणि डिसेंबरात जन्मलेल्याचा मुंबई-गुजरातकडे. किनाऱ्याजवळचे भोवरे, भरती-ओहोटी आणि लार्व्ह्याची स्वतःची हुशारी यांनी हे चित्र गुंतागुंतीचं होतं. पण मूळ मुद्दा हलत नाही : कोणती जात कोणत्या महिन्यात अंडी घालते, यावर तिची पिल्लं कोणत्या राज्याच्या वाट्याला येणार हे बऱ्याच अंशी ठरतं.

आता आपले कायदे बघा. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, राज्याचे. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंत केंद्राचं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी, सगळ्या जातींना एकच. या बंदीची टिंगल करायची नाही मला. ती आहे म्हणून निदान काही वाचलं आहे, आणि पावसाळ्यात समुद्रात न जाण्याची चाल तर कायद्याहून जुनी आहे. पण प्रत्येक जातीचं अंडी घालण्याचं वेळापत्रक वेगळं, प्रवाहाची दिशा महिन्यागणिक वेगळी आणि आपल्याकडे सगळ्यांसाठी एकच तारीख. शाळेची सुट्टी आहे का ही?

"पण डीएनए तर एकच निघाला!"

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप इथे येतो, तो टाळणार नाही. अनेक सागरी जातींचा डीएनए तपासला की शेकडो, कधी हजारो किलोमीटर अंतरावरचे गटही जवळजवळ सारखे निघतात. मग साहेबांचं काय चुकलं? सगळा मासा एकच असेल तर इथली तूट तिथून भरून निघेलच की.

नाही निघणार. असे अहवाल वाचताना सगळ्यात जास्त चूक इथेच होते, म्हणून जरा थांबून सांगतो.

जनुकशास्त्राच्या पायाभरणीतलं एक नाव म्हणजे सिवॉल राइट. १९३१ सालच्या त्याच्या कामातून पुढे एक ठोकताळा निघाला : दोन गटांमध्ये दर पिढीला सरासरी एखादा जीव जरी इकडून तिकडे जाऊन तिथे प्रजोत्पादन करत असेल, तरी ते गट जनुकीय दृष्ट्या फार लांब जात नाहीत. गट हजाराचा असो की कोटीचा, आकडा तोच. दर पिढीला दहा जीव गेले तर फरक इतका पुसट होतो की साध्या तपासणीत तो सापडणंही मुश्कील.

आता दहा शेवंडी डोळ्यांसमोर आणा. दर पिढीला दहा शेवंडी वेरावळहून मुंबईच्या समुद्रात आल्या आणि नांदल्या, तर डीएनए म्हणेल, 'हे सगळं एकच कुटुंब'. पण दहा शेवंडींनी एक टोपली तरी भरते का? बाजार भरायला लाखो पिल्लं यावी लागतात, दरवर्षी. जनुकं सारखी राहायला दहा पुरतात. 'नातं आहे' आणि 'घर चालवायला पैसे पाठवतो' यांत जो फरक आहे, तोच हा. अमेरिकेतला चुलतभाऊ आपलाच असतो, पण म्हणून महिन्याचं वाणसामान तो भरत नाही.

आणि ही नुसती कागदावरची गोष्ट नाही. कार्यशाळेतल्या त्या बाईंचा प्रश्न आठवा. मुंबईच्या समुद्रात १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून ट्रॉलर चपट्या डोक्याची शेवंड मोठ्या प्रमाणात काढू लागले. तिच्या शेपट्या गोठवून परदेशी जायच्या, भाव चांगला होता. पोटाखाली अंडी धरलेल्या माद्याही सरसकट उचलल्या गेल्या. १९९४ पर्यंत ही मासेमारी कोसळली. 'कमी झाली' असं नव्हे, कोसळली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या व्ही. डी. देशमुखांनी २००१ साली या कोसळण्यावर लेख लिहिला, तो शास्त्रीय नियतकालिकात छापून आला. म्हणजे साहेबांच्या खात्याला हे ठाऊक नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही.

उत्तरेला गुजरातच्या किनाऱ्यावर ही शेवंड त्यानंतरही मिळत राहिली. मधे जमीन नाही. प्रवाह वर्षातले काही महिने तिकडून इकडे वाहतो. तरीही मुंबईची टोपली पुन्हा भरली नाही. त्यामागे एकटा प्रवाहच कारण आहे, असा माझा दावा नाही. ट्रॉल जाळ्याने खरवडलेला तळ, बदललेलं पाणी, असं बरंच काही आहे. पण 'उद्या येईल' या भरवशाची परीक्षा आपल्या दारात झाली आहे आणि तीस वर्षं तिचा निकाल समोर आहे. सासूच्या टोपलीची आठवण सांगणारी बाई व्यासपीठापेक्षा जास्त शास्त्रीय बोलत होती.

याच्या दुसऱ्या टोकाला युरोपातल्या ईलचं उदाहरण आहे. ही ईल खरोखरच 'एक' आहे. नॉर्वेपासून मोरोक्कोपर्यंतच्या नद्यांतून निघून त्या प्रजोत्पादनासाठी अटलांटिकपार सार्गासो समुद्रात जातात, आणि पानासारखे चपटे, पारदर्शक लार्व्हा प्रवाहाबरोबर परत युरोपकडे येतात. कोणत्या आईचं पिल्लू कोणत्या देशाच्या नदीत शिरेल याला काही नियम नाही. २०११ साली सार्गासोतल्याच लार्व्ह्यांच्या डीएनएवरून याला दुजोरा मिळाला. हे साहेबांचं स्वप्नच म्हणायचं : कुंपण नसलेला मासा! काय झालं त्याचं? १९८० नंतर युरोपच्या किनाऱ्याला लागणाऱ्या पिल्लांची संख्या ९० टक्क्यांहून जास्त घटली. ही जात आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे. प्रत्येक देशाला वाटलं, आपण काढले तरी दुसऱ्यांच्या नद्यांत आहेतच की. सगळ्यांचं एकच खातं, प्रत्येकाकडे चेकबुक आणि भरणा कुणाचाच नाही.

म्हणजे मासे वेगवेगळे निघाले तर इथला संपला की तिथून येणार नाही. आणि एकच निघाले तर इथे काढलेला प्रत्येक मासा सगळ्यांच्या खात्यातून वजा होतो. कोणत्याही बाजूने बघितलं तरी 'काळजी नको' हा निष्कर्ष निघत नाही.

राज्य मासा आणि राज्याचा मासा

२०२३ साली महाराष्ट्राने पापलेटला राज्य मासा म्हणून जाहीर केलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. त्याच वर्षी ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकारही ठरवला गेला, हे तर त्याहून चांगलं. पण पापलेटच्या अंड्यांना झाई कुठे संपतं आणि उंबरगाव कुठे सुरू होतं हे कोण सांगणार? पालघरसमोर मोठा होणारा पापलेट गुजरातच्या पाण्यात जन्मलेला असू शकतो, आणि उलटही. एका राज्याने किमान आकार पाळायचा आणि दुसऱ्याने बोटभर पापलेटं उचलायची, यात मासा वाचत नाही. पाळणाऱ्याला फक्त आपण मूर्ख ठरल्याची जाणीव होते आणि पुढच्या वर्षी तोही पाळत नाही.

याच पापलेटची आणखी एक गोष्ट. कित्येक दशकं आपला पापलेट आणि चीनच्या समुद्रातला पापलेट एकाच शास्त्रीय नावाखाली नोंदले जात होते. डीएनएने दाखवलं की आपला वेगळा आहे, आणि त्याला त्याचं जुनं नाव, पँपस कँडिडस, परत मिळालं. ज्याला राज्याचा मान द्यायचा, त्याची ओळख पटायलाच एकविसावं शतक उजाडलं.

बोंबलाचं बघा. सौराष्ट्रापासून रत्नागिरीच्या आसपासपर्यंत हा मासा उदंड. त्याच्या खाली, गोवा-कर्नाटक-केरळच्या अख्ख्या किनाऱ्यावर, तो नावापुरता. मग एकदम बंगालच्या बाजूला पुन्हा उदंड. मधे कुणी तारेचं कुंपण घातलेलं नाही. ज्यांना समुद्र सगळीकडे सारखा वाटतो त्यांनी कारवारच्या बाजारात ताजे बोंबील मागून बघावेत.

'परप्रांतीय बोटी' म्हणणाऱ्यांनाही सांगायचं आहे. हद्द ओलांडून येणारे मोठे ट्रॉलर, एलईडी लावून केलेली मासेमारी, हे प्रश्न खरे आहेत आणि छोट्या मच्छीमाराचा राग रास्त आहे. पण 'आमचा मासा' हे शब्द वापरताना जरा थांबा. तो मासा लार्व्हा असताना कुणाच्या पाण्यातून आला, हे विचारलंत तर भांडणाचा सूर बदलेल. मग शेजारच्या राज्याकडे मागणी 'इथे येऊ नका' एवढीच राहणार नाही. 'तुमच्याकडची अंडी घालायची जागा सांभाळा, आम्ही आमची सांभाळतो' अशीही असेल. आणि आपल्या घरातलंही बोलावं लागेल. डोल जाळ्यात पापलेटची पिल्लं किती जातात, हे डोलकरांनाही माहीत आहे. मी वर त्यांच्या ज्ञानाचं कौतुक केलं ते मनापासून, पण ज्ञान असणं आणि जाळ्याची आस मोठी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग मागायचं काय?

'सागरी अभयारण्य' म्हटलं की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया उमटतात. शहरातले पर्यावरणप्रेमी टाळ्या वाजवतात आणि किनाऱ्यावरचे लोक मोर्चा काढतात. मालवणचं २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं आणि तेव्हापासून तिथे विश्वासाचं नातं काही जुळलं नाही. मला मोर्चा काढणाऱ्यांचं म्हणणं कळतं. 'इथे मासेमारी बंद' असं सांगणाऱ्याने 'त्यामुळे तुझ्या जाळ्यात कुठे आणि किती येईल' हेही सांगायला हवं.

आणि ते सांगता येतं. ऑस्ट्रेलियाच्या केपेल बेटांवर २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोठ्या माशांचा आणि पिल्लांचा डीएनए जुळवून चक्क आईबाप शोधले गेले. तिथल्या प्रवाळांपैकी २८ टक्के भाग राखीव होता. आसपास, राखीव आणि खुल्या भागांत मिळून, लागलेल्या पिल्लांपैकी सुमारे निम्मी त्या २८ टक्क्यांतून आलेली होती. इतका ठोस हिशेब मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत मांडता आला असता, तर मालवणची गोष्ट वेगळी झाली असती असं मला वाटतं.

तो हिशेब आपल्याकडे नाही, कारण तो करायचा कुणी ठरवलेलंच नाही. माणसं आहेत. गोव्याला दोनापावलात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिथले लोक या किनाऱ्यावरच्या प्रवाहांवर अनेक दशकं काम करत आले आहेत. मासे मोजणारी केंद्रीय संस्था आहे. डीएनए वाचण्याचा खर्च वर्षागणिक उतरतो आहे. आणि बंदराबंदरांत पाण्याचा अभ्यास केलेले तांडेल आहेत. प्रवाह जाणणारा, जनुकं वाचणारा आणि जाळं टाकणारा असे तिघे एका टेबलावर बसवायचे आहेत. टेबल तेवढं मिळत नाही.

म्हणून माझ्या मागण्या फार थोर नाहीत. दहा-बारा महत्त्वाच्या जातींची अंडी घालण्याची ठिकाणं आणि महिने शोधा आणि त्या महिन्यांत प्रवाह कुठे जातो हे त्याला जोडा. बंदरांवर मासा उतरतो तिथेच वर्षभर डीएनएचे नमुने घ्या. पोटाखाली अंडी असलेली शेवंड आणि खेकडी परत पाण्यात सोडण्याचा नियम गुजरात, महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक यांनी एकत्र करा, आणि ज्याने सोडली त्याचा तोटा भरून द्या. प्रयोगशाळेत वाढवलेलं बीज समुद्रात सोडायचं असेल तर आधी सांगा की ते कुठल्या पाण्यातल्या आईचं आहे. फोटो काढून, बादल्या ओतून मोकळं होऊ नका. आणि हे सगळं जे काही हाती लागेल, ते मराठीत छापून मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर लावा.

यातलं काही उद्या होईल अशा भ्रमात मी नाही. पण एक गोष्ट मात्र उद्यापासून करता येईल, आणि तिला पैसा लागत नाही. पुढच्या कार्यशाळेत व्यासपीठावरून कुणी 'दर्याला कुंपण नसतं' म्हणालं, तर हसू नका. हात वर करा आणि विचारा, "साहेब, कोणत्या महिन्यात? कोणत्या माशासाठी?" उत्तर आलं नाही, तर चहाची सुट्टी होऊ देऊ नका.